गाठीचा ताप आणि इस्पितळातला पुरावा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. जंतू अनोळखी नव्हता. येर्सिन यांनी तो १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कुठून, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे सगळी सक्ती माणसांवर झाली. रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. लाखो लोकांनी शहर सोडले. पालघर, बोईसरवरून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग ही पळण्याची एक वाट होती. ४ फेब्रुवारी १८९७ च्या कायद्याने रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

उत्तर इस्पितळातच समोर होते. गाठीच्या रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, उशाशी बसणारे नातेवाईक, यांना हा रोग क्वचितच होई. फुप्फुसाचा प्लेग तेवढा श्वासातून पसरे. रोगी धोकादायक नसेल, तर धोका घरात असला पाहिजे. ‘उंदीर पडले’ की घर सोडून माळावर झोपडी बांधणाऱ्या गावकऱ्यांना हे अनुभवाने कळले होते.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसूकडे बोट दाखवले. पहिल्या प्लेग आयोगाने ते मानले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरात गिनिपिग मोकळे सोडले. उंदीर मेल्याने उपाशी पडलेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि गिनिपिगही प्लेगने मेले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, दुसऱ्या आयोगाने हीच चाचणी पिंजऱ्यांनी केली. जमिनीवरच्या पिंजऱ्यातला प्राणी दगावे. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला वाचे, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नसे. हवा तर दोन्ही पिंजऱ्यांत एकच होती.

आज अतिदक्षता विभागात एकाच जंतूचे रोगी वाढू लागले की नळ, श्वसनयंत्राच्या नळ्या आणि कर्मचाऱ्यांचे हात यांचे नमुने घेतात. शोध असतो तो जंतूच्या वाटेचाच.

रोग्यांची सेवा करणाऱ्यांना रोग क्वचितच होतो, ही नोंद पहिल्या आयोगासमोरही होती. पिसू मान्य होईपर्यंत आणखी सात-आठ वर्षे गेली, आणि १९०७ या एका वर्षात देशात १३ लाखांवर माणसे प्लेगने गेली.