भिंतीबाहेरची ओसरी

घर बांधणें हें जसें शास्त्र आहे, तसेंच बांधलेलें घर राहणारांना न उठवितां सुधारणें हेंहि शास्त्रच आहे. परंतु त्याकडे जगाचें लक्ष फार उशिरां गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें घरांची तीव्र टंचाई होती. ती दूर करण्यासाठीं शहरोशहरीं काँक्रीटच्या उंच इमारती उठल्या आणि अल्प भाड्याचीं हजारों बिऱ्हाडें त्यांत नांदूं लागलीं. त्या काळीं इंधन स्वस्त होतें. भिंती थंडी कितपत अडवितात, याची चिकित्सा फारशी झाली नाहीं. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां त्या पातळ भिंतींचा खरा खर्च कळूं लागला.

पुढें २००३ सालीं फ्रेंच सरकारनें अशा अनेक इमारती पाडून नव्या बांधण्याची विशाल योजना आंखली. त्यावर आन लाकातों, झाँ-फिलीप वासाल आणि फ्रेदेरिक द्रुओ या वास्तुशिल्पज्ञांनीं २००४ सालीं स्पष्ट प्रतिवाद केला. इमारत पाडणें म्हणजे धन, श्रम आणि माणसांचा शेजार हीं तिन्ही उधळणें होय, हें त्यांच्या म्हणण्याचें सार.

त्यांनीं आपला पक्ष कृतीनें सिद्ध केला. पॅरिसमधील ब्वा-ल-प्रेत्र हा १९६० नंतरच्या दशकारंभीचा मनोरा त्यांनीं २०११ सालीं नव्या रूपांत उभा केला. पुढें बोर्दो शहरांतील ग्रां पार्क वसाहतींत तीन इमारतींतील ५३० घरांना, क्रिस्तोफ युतँ यांच्या सहकार्यानें, तोच उपाय लाभला. जुन्या लहान खिडक्या काढून तेथें मोठीं सरकतीं कांचेचीं दारें बसविलीं. आणि बाहेरून ३.८ मीटर खोलीची नवी जागा प्रत्येक घरास जोडली. तिला ‘हिवाळी बाग’ म्हणतात. मराठी माणूस तिला ओसरी म्हणेल. थंडींत बंद ओसरींतील हवा उन्हानें तापते व घराभोंवतीं उबदार कवच होऊन राहते. उन्हाळ्यांत तावदानें सरकवून वारा घेतां येतो. तयार भाग यारीनें उचलून बसविल्यामुळें काम चालू असतां रहिवाशांना घर सोडावें लागलें नाहीं. २०१९ सालीं या कार्यास युरोपचा मीस व्हान डर रोहे पुरस्कार मिळाला.

परंतु या इतिहासास काळी बाजूहि आहे. लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरवर २०१६ सालीं पुऱ्या झालेल्या दुरुस्तींत ऊब राखण्यासाठीं व शोभेसाठीं बाहेरून आवरण चढविलें. त्याच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें ज्वालाग्राही प्लॅस्टिक होतें. १४ जून २०१७ रोजीं एका घरांत लागलेली आग त्या आवरणावरून वर चढली आणि ७२ जीव गेले. आगीच्या धोक्याविषयीं रहिवाशांनीं पूर्वींच तक्रारी केल्या होत्या.

दोन्ही ठिकाणीं भिंतीवर नवें कांहींतरी चढलें. परंतु एके ठिकाणीं त्यानें घर वाढलें, दुसरीकडे तेंच घराचा काळ ठरलें. इंधन किती वांचलें हें मोजण्यापूर्वीं भिंतीआड राहणाऱ्या माणसाचें बोलणें ऐकलें गेलें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. कारण भिंत शेवटीं त्याच्याच आसऱ्यासाठीं आहे.