दाढीचा ब्रश : एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

मागच्या वर्षी आमचे आबा तीन महिने सिंगापूरला राहून साताऱ्याला परत गेले. जाताना दोन वस्तू बाथरूममध्ये विसरले. एक गोल डबीतली दाढीच्या साबणाची वडी आणि दुसरा दाढीचा ब्रश. ब्रश चांगलाच जुना, लाल प्लास्टिकच्या मुठीचा, मधोमध केस झडून भांग पाडल्यासारखा दिसणारा. फोनवर सांगितले तर म्हणाले, "राहू दे तिथेच. नातवाला होईल."

आणि नातवाला खरेच गरज पडली. चिरंजीव अठरा वर्षांचे झाले. मंडळी, इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, पी. आर. कुटुंबांतल्या मुलांनाही नॅशनल सर्व्हिस चुकत नाही, आणि टेकाँग बेटावरच्या प्रशिक्षणात दाढीचे खुंट चालत नाहीत. तिथे वाटी-ब्रश घेऊन बसायला वेळ मिळणार नाही हे उघड आहे. पण जाण्याआधी हात बसावा म्हणून त्याने आबांचा ब्रश उचलला आणि मुठीवरची पुसट झालेली इंग्रजी अक्षरे वाचली.

"बाबा, यावर 'प्युअर ब्रिसल' लिहिलंय. ब्रिसल म्हणजे?"

"केस."

"कुणाचे?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आबांनी चाळीस वर्षे तो किंवा तसाच ब्रश वापरला, मी लहानपणापासून तो गॅलरीतल्या आरशाखाली पाहिला, आणि हा प्रश्न घरात कधी कुणाला पडला नाही. मी शोध घेतला. उत्तर एका ओळीचे निघाले : ब्रशच्या व्यापारात नुसते 'ब्रिसल' म्हटले की ते डुकराचे केस. आमचे आबा मात्र माळकरी. तुळशीची माळ गळ्यात पडल्यापासून घरात अंडेसुद्धा नाही. तेव्हा त्या एका ओळीने माझी झोप उडवली, आणि ब्रशचा इतिहास वाचणे भाग पडले.

धोकटीत ब्रश नव्हता

आपल्याकडे दाढी ही घरी करायची गोष्ट नव्हतीच. गावगाड्यात ते काम न्हाव्याचे. तो बलुतेदार, त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यात. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी. संत सेना महाराजांच्या प्रसिद्ध अभंगात न्हाव्याच्या कामाचे रूपक आहे. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे. साबण नाही आणि ब्रशही नाही. जुना कारागीर पाण्याने आणि बोटांनी चोळून चोळून दाढी भिजवत असे. ते चोळणे हेच कौशल्य.

भाषाही हेच सांगते. हजामत, वस्तरा, तुरटी, धोकटी हे सगळे शब्द मराठीत मुरलेले आहेत. ब्रशला मात्र आपला शब्द नाही. चित्रकाराचा कुंचला असतो, पण 'दाढीचा कुंचला' असे कुणी म्हणत नाही. वस्तू परक्या नावानेच आली आणि त्याच नावाने राहिली. फ्रेंच लोकांचे उलट. त्यांच्याकडे दाढीच्या ब्रशला 'ब्लेरो' म्हणतात आणि 'ब्लेरो' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा, दाट केसांचा एक प्राणी. त्यामुळे ब्रश कशाचा हे तिथे नावातच आले. आपल्याकडे 'ब्रश' या शब्दात कुठलाच प्राणी दिसत नाही.

जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी असे सुमारे ३५ लाख रेझर घेतले, कारण दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर विषारी वायूचा मुखवटा घट्ट बसत नाही. असे रेझर पुढे जगभर पसरले, आपल्याकडेही आले, आणि दाढी न्हाव्याच्या हातून हळूहळू स्वतःच्या हातात आली. न्हाव्याला आपले हत्यार कशाचे आणि कुठले हे ठाऊक असे. घरी दाढी करणाऱ्याला दुकानदार देईल ते घ्यायचे एवढेच माहीत.

साबणाला विचारले, ब्रशला नाही

साबणाच्या बाबतीत मात्र आपण फार चौकस. विलायती साबणात जनावरांची चरबी, म्हणून सोवळ्यातल्या घरांत तो येत नसे. कुलपांचा कारखाना काढणाऱ्या आर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून साबण बनवला, आणि स्वदेशीच्या त्या काळात त्याचे महत्त्व मोठे होते.

दाढीच्या कडक वडीचा प्रश्न जरा वेगळा. फेस दाट आणि टिकाऊ व्हायचा तर साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर लागते. ते चरबीतून मिळते, तसेच पामतेलापासूनही मिळते. शिवाय सोड्याने साबण कडक होतो आणि पोटॅशने मऊ व लवकर विरघळणारा, म्हणून चांगल्या वडीत दोन्ही वापरतात. थोडक्यात, पूर्ण शाकाहारी वडी शक्य होती आणि ती आली.

१९८३ साली वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. तेव्हा आमच्या आबांनी वर्षभर डालडा घरात आणला नाही आणि दाढीची वडी घेताना वाण्याला दोनदा विचारले, "चरबी नाही ना यात?" वाणी म्हणाला नाही. आबा समाधानाने वडी घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी ती प्युअर ब्रिसलने घोटली.

कानपूरचे केस

डुक्कर का, याचेही कारण आहे. त्याचा केस मुळाशी जाड आणि ताठ असतो आणि टोकाला फाटे फुटलेला. ताठपणामुळे कडक वडी घासली जाते, फाट्यांमुळे पाणी आणि फेस धरला जातो. निसर्गाने जणू कडक साबणासाठीच तो घडवला. रशिया आणि चीन हे या केसांचे मोठे पुरवठादार, आणि तिसरे नाव हिंदुस्थानचे. आपल्याकडे या व्यापाराचे ठाणे होते कानपूर. तिथल्या खटिक समाजातल्या लोकांनी केस गोळा करायचे, धुवायचे, लांबीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे निवडायचे, जुड्या बांधायच्या. तो माल पुढे लंडनच्या बाजारात जाई. त्यातून त्या समाजातली काही कुटुंबे श्रीमंतही झाली.

हे वाचताना मी थबकलो. ज्यांना शिवले तर आंघोळ करावी असे सवर्ण घरांत मानत, त्यांनी निवडलेल्या केसांसारखेच केस त्याच घरांतल्या गालांवर रोज सकाळी फिरत होते. विटाळ माणसाचा मानला, मालाचा नाही. आबांच्या ब्रशवर गावाचे नाव नाही, त्यामुळे तो कानपूरचा की चीनचा हे सांगता येत नाही. पण कुणीतरी, कुठेतरी, ते केस हाताने निवडले असणार एवढे नक्की.

ब्रशने माणसे मेली तेव्हा

आमचे ऑफिस वन-नॉर्थला. हे नाव सिंगापूरच्या अक्षांशावरून पडले आहे, विषुववृत्ताच्या उत्तरेला एक अंश. जेवणाच्या सुटीत मी हे सगळे वाचत असे, तेव्हा समोर बायोपोलिसच्या इमारती दिसत. आत दिवसभर जीवशास्त्राचे संशोधन चालते. त्यामुळे पुढची गोष्ट तिथे बसून वाचताना विशेष वाटले.

पहिल्या महायुद्धाआधी उत्तम ब्रश बॅजरच्या केसांचे असत. युद्धाने तो व्यापार विस्कटला. मग चीन, सायबेरिया, जपान या भागांतून आलेले घोड्याचे केस रंगवून बॅजरसारखे दाखवण्यात आले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यात अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे गुरांना होणाऱ्या काळपुळीचे जंतू होते. ते बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकतात, आणि दाढी करताना कापले की जखमेतून आत शिरतात. ब्रिटिश व अमेरिकी सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना लागण झाल्याची नोंद आहे. त्यातले काही दगावले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीचे दाढीचे ब्रश आणण्यावर बंदीच घातली.

तेव्हा जगाला पहिल्यांदा प्रश्न पडला, हे केस कुणाचे आणि आले कुठून? प्रश्न धर्माचा नव्हता, जिवाचा होता. पण प्रश्न तोच होता, जो माझ्या मुलाने विचारला. आज व्यापारी पद्धतीने बनवलेल्या ब्रशचे केस निर्जंतुक केलेले असतात, त्यामुळे नव्या ब्रशची भीती नको. जुन्या बाजारात मिळणारे त्या काळातले घोड्याच्या केसांचे ब्रश मात्र शोभेसाठी ठेवावेत, गालाला लावू नयेत.

आपल्या शेजारचे एक उदाहरण अलीकडचे आहे. मलेशियात डुकराचा वा कुत्र्याचा अंश असलेल्या वस्तूंवर तसे स्पष्ट लिहिण्याचा नियम २०१३ पासून आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी डुकराच्या केसांचे असल्याच्या संशयावरून रंगकामाचे दोन हजारांहून अधिक ब्रश जप्त केले. आक्षेप ब्रश विकण्याला नव्हता, तसे न लिहिता विकण्याला होता. मला हे पटले. काय वापरायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण त्याला कळले तरी पाहिजे.

मग घ्यायचा कोणता?

आता मुलासाठी नवा ब्रश घ्यायचा होता, तोही कडक वडीवर चालणारा आणि खिशाला परवडणारा. जे शिकलो ते इथे लिहितो, कुणाला उपयोग होईल.

बॅजरचा ब्रश महाग. तो गालाला मऊ आणि पाणी भरपूर धरणारा. पण कडक वडीला मऊपणा नको, कणा हवा. म्हणजे जास्त पैसे देऊन उलट काम वाढते. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि कडक वडीसाठी उत्तम, मात्र वापरण्याआधी चार-पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा लागतो आणि नवा असताना पहिले काही दिवस टोचतो. काही स्वस्त ब्रशांवर बॅजरसारखे पट्टे रंगवलेले असतात, तेव्हा रंगावर जाऊ नये, लेबल वाचावे. घोड्याचा या दोहोंच्या मधला.

चौथा कृत्रिम धाग्याचा. नायलॉनचा दात घासायचा ब्रश १९३८ मध्ये अमेरिकेत निघाला. दाढीसाठी मात्र सुरुवातीचे नायलॉन निरुपयोगी होते, पाणी धरतच नसे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत टोकाला निमुळते होत जाणारे बारीक धागे आले आणि चित्र पालटले. हा ब्रश भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. सिंगापूरच्या हवेत आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर, त्यामुळे खऱ्या केसांचा ब्रश बंद बाथरूममध्ये दिवसभर ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. इथे राहणाऱ्याने हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

कुठलाही घेतला तरी मापे पाहावीत. जुडीचा व्यास २२ ते २४ मिलिमीटर आणि मुठीबाहेर दिसणारी लांबी ५० च्या आसपास असली की ब्रश पुरेसा ताठ राहतो. लांबी जास्त असली तर वडीवर लोळतो. वडीवर आधी चमचाभर गरम पाणी घालून ती दोन मिनिटे तशीच ठेवावी. मग ब्रश झटकून अर्धा-पाऊण मिनिट वडीवर फिरवावा आणि नंतर थेंब थेंब पाणी घालत गालावर फेस करावा. बहुतेकांचा फेस बिघडतो तो ब्रशमुळे नाही, घाईमुळे. आम्ही धाग्याचा ब्रश घेतला. पंधरा डॉलरच्या आत काम झाले.

एक गोष्ट राहिली होती. आबांना सांगायचे की नाही? सौभाग्यवती म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. आता कशाला?" मुलगा म्हणाला, "त्यांचा ब्रश आहे. त्यांना माहीत असायला हवं." दोन आठवडे मी टाळले. शेवटी एका रविवारी फोनवर सांगून टाकले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले लाइन गेली. मग आबा म्हणाले, "दाढी झाल्यावर मी आंघोळ करतो. पूजा त्याच्यानंतर. आजवर एक दिवस चुकलेलं नाही."

मी हुश्श केले. पण फोन ठेवताना त्यांनी हळूच विचारले, "तो धाग्याचा म्हणालास, तो किती मऊ असतो रे?"

या दिवाळीला साताऱ्याला जाताना एक धाग्याचा ब्रश बॅगेत टाकणार आहे. जुना लाल मुठीचा परत न्यायचा की इथेच ठेवायचा, हे मी त्यांना विचारले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.