खोझराश्चोत : इंग्रजीत न मावलेला रशियन हिशेब

३० जून १९८७ रोजी सोव्हिएत संघात सरकारी उद्योगांविषयीचा नवा कायदा संमत झाला. कारखान्यांनी यापुढे ‘पूर्ण खोझराश्चोत’ तत्त्वावर चालावे, असा त्याचा आशय. हा शब्द इंग्रजीत कसा न्यावा, हा प्रश्न मात्र नवा नव्हता. साठाहून अधिक वर्षे तो भाषांतरकारांना छळत होता.

शब्द दोन तुकड्यांचा आहे. ‘खोझ्याइस्त्वो’ म्हणजे घरदार, शेतीवाडी, कारभार आणि देशाची अर्थव्यवस्थाही. ‘राश्चोत’ म्हणजे हिशेब : मांडायचा तो आणि चुकता करायचा तोही. मराठीतल्या ‘हिशेबा’त हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. इंग्रजीला त्यांसाठी वेगवेगळे शब्द वापरावे लागतात.

खरी अडचण व्युत्पत्तीची नव्हतीच. १९२१ मध्ये लेनिनचे नवे आर्थिक धोरण आले, तेव्हा खोझराश्चोत म्हणजे सरकारी तिजोरीवर विसंबून न राहता बाजारात विकून-विकत घेऊन स्वतःचा खर्च भागवणे. स्तालिनच्या काळात बाजार गेला, शब्द मात्र टिकला. कारखान्याचे बँकेत खाते होते, नफातोट्याचा ताळेबंदही होता. पण माल काय करायचा, कोणाला आणि कोणत्या किमतीला द्यायचा, हे योजना ठरवी. मग १९८७ मध्ये त्याच शब्दात पुन्हा स्वावलंबनाचा अर्थ भरण्यात आला.

इंग्रजीत कोणी ‘कॉस्ट अकाउंटिंग’ लिहिले, कोणी ‘इकॉनॉमिक अकाउंटिंग’, तर कोणी ‘सेल्फ-फायनान्सिंग’. पहिल्याने वाचकाला वाटे, कारकुनांच्या वह्यांची काहीतरी सुधारणा दिसते. तिसऱ्याने वाटे, आता तोट्यातला कारखाना बंद पडणार. दोन्ही समज चुकीचे. अनेक पाश्चात्त्य अभ्यासकांनी अखेर मूळ रशियन शब्दच रोमन लिपीत ठेवला, आणि तेच शहाणपणाचे होते.

काही शब्द याउलट फार सोपे वाटत, म्हणून अधिक फसवत. १९३० च्या करसुधारणेतून आलेल्या कराचे ‘टर्नओव्हर टॅक्स’ हे भाषांतर शब्दशः बरोबर आहे. पण अनेक वस्तूंवर तो ठरावीक टक्क्यांनी लागत नसे. सरकारने ठरवलेली किरकोळ किंमत आणि घाऊक किंमत यांतले अंतर, दुकानाचा वाटा वजा करून, कर म्हणून जमा होई. सोव्हिएत राष्ट्रीय उत्पन्न मोजताना अब्राम बर्गसन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हा कर रूबलच्या आकड्यांतून वजा केला आणि सरकारी अनुदाने त्यांत मिळवली, ते यामुळेच.

सर्वांत फसवा शब्द ‘बेझनालीच्नी’, म्हणजे रोख नसलेले पैसे. इंग्रजीत ‘नॉन-कॅश’. लंडनच्या वाचकाला हे वाचून धनादेश आठवे. धनादेश बँकेत वटवला की हातात नोटा येतात. सोव्हिएत व्यवस्थेत तसे नव्हते. १९३०-३२ च्या पतसुधारणेनंतर कारखान्यांचे आपसांतले व्यवहार गोसबँक या सरकारी बँकेच्या खात्यांतच होत. रोकड मिळे ती मुख्यतः पगारापुरती, तीही बँकेच्या देखरेखीखाली. खात्यात दहा लाख रूबल असलेल्या व्यवस्थापकाला त्यातून मनाजोगता बोनसही वाटता येत नसे. नाव एकच, रूबल. प्रत्यक्षात पैसे दोन जातींचे, आणि मध्ये भिंत.

या भिंतीला भगदाड पाडले ते सुधारणांनीच. १९८७ च्या कायद्याने वेतनावरचा लगाम सैल झाला. मे १९८८ च्या सहकार कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या खासगी वळणाच्या सहकारी संस्थांना खात्यातला पैसा रोखीत काढणे पुष्कळ सोपे झाले. कारखान्यांचा पैसा लोकांच्या खिशात उतरू लागला, पण दुकानांत त्या प्रमाणात माल नव्हता आणि किमती बहुतांशी सरकारनेच बांधलेल्या होत्या. फळ्या रिकाम्या होत गेल्या.

‘कॅश’ आणि ‘नॉन-कॅश’ एवढेच वाचणाऱ्याला या टंचाईचे एक मोठे कारण दिसतच नव्हते. २२ जानेवारी १९९१ च्या संध्याकाळी ५० आणि १०० रूबलच्या जुन्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या बदलून घेण्यासाठी नागरिकांना तीन दिवस मिळाले.