मायदेशाने नाकारलेली विश्वविजेती : रोझ रायली #थ्रेड

१/ ऑगस्ट १९८४. इटलीत भरलेल्या ‘मुंदियालितो’ या महिला फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीने पश्चिम जर्मनीला ३-१ असे नमवले. निळ्या पोशाखात गोल नोंदवणाऱ्यांपैकी एक खेळाडू जन्माने इटालियन नव्हती. ती स्कॉटलंडची होती आणि मायदेशात तिच्यावर आजन्म बंदी होती.

२/ या बंदीची मुळे पहिल्या महायुद्धापर्यंत पोहोचतात. पुरुष आघाडीवर गेले, स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या आणि तिथेच त्यांचे फुटबॉल संघ उभे राहिले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’चा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले.

३/ वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवला. स्त्रियांनी खेळू नये, असा आदेश काढण्याची गरजच भासली नाही. संलग्न क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये, एवढे पुरेसे होते. मैदान गेले, प्रेक्षक गेले आणि पाठोपाठ वृत्तपत्रांतील जागाही गेली. स्कॉटलंडमध्येही दारे अशीच बंद राहिली.

४/ अशा काळात, १९५५ साली, रोझ रायलीचा जन्म झाला. एअरशरमधील स्ट्यूअर्टन या लहानशा गावात ती वाढली. नाताळात मिळालेली बाहुली देऊन तिने चेंडू मिळवला, ही तिच्या बालपणाची हकीकत स्कॉटलंडमध्ये आजही सांगितली जाते. मुलांच्या संघात खेळता यावे म्हणून तिने केस कापले. सेल्टिक क्लबच्या शोधकाला तिचा खेळ फार आवडला. परंतु हा ‘मुलगा’ नसून मुलगी आहे, हे कळताच विषय तिथेच संपला.

५/ १९७१ मध्ये युरोपीय महासंघापुढे प्रश्न आला : राष्ट्रीय संघटनांनी महिला फुटबॉलला आपल्या कक्षेत घ्यावे काय? ३१ मते अनुकूल पडली, प्रतिकूल केवळ एक. ते मत स्कॉटलंडचे होते.

६/ तरीही १८ नोव्हेंबर १९७२ रोजी ग्रीनॉक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे महिला संघ समोरासमोर आले. स्कॉटलंडने दोन गोलांची आघाडी घेतली. त्यांपैकी एक गोल रोझने थेट कॉर्नर किकवरून केला होता. अखेरीस इंग्लंडने सामना ३-२ असा जिंकला. देशासाठी खेळणाऱ्याला टोपी, म्हणजे ‘कॅप’, देण्याची ब्रिटनमध्ये जुनी रीत आहे. या अकरा जणींना ती मिळाली नाही.

७/ गुणवत्ता होती, पण तिला मायदेशात वाव नव्हता. १९७३ मध्ये रोझ फ्रान्समधील रँस येथील संघात दाखल झाली आणि पुढच्याच वर्षी मिलानला गेली. इटलीत पुरुषांच्या महासंघाची वाट न पाहता १९६८ पासूनच महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली होती. तिथे क्लब होते, पुरस्कर्ते होते आणि परदेशी खेळाडूंना मागणी होती.

८/ १९७४ मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने महिला फुटबॉलवरील बंदी उठवली खरी. पण थोड्याच काळात रोझ रायली, तिची सहकारी एडना नीलिस आणि संघटक एल्सी कुक या तिघींवर स्कॉटलंडमध्ये आजन्म बंदी लादली गेली. खेळ मोकळा झाला आणि त्यासाठी झगडलेल्या मात्र बाहेर राहिल्या.

९/ स्कॉटलंडने सोडलेली ही आघाडीपटू इटलीने आपलीशी केली. रोझ इटलीच्या राष्ट्रीय संघातून खेळू लागली. वयाच्या चाळिशीपर्यंत चाललेल्या कारकिर्दीत तिने वेगवेगळ्या क्लबांसह इटलीची साखळी स्पर्धा ८ वेळा जिंकली. १९८४ चा विजय हा या प्रवासाचा कळस होता.

१०/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा, असा एक शब्द येतो : ‘अनधिकृत’. मुंदियालितो ही फिफाची स्पर्धा नव्हती. फिफाचा पहिला महिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. त्यामुळे १९८४ चे विजेतेपद अधिकृत नोंदींत बसत नाही. परंतु ते अधिकृत का नव्हते? ज्या संघटनांच्या हाती शिक्का होता, त्यांनीच दशकानुदशके स्त्रियांना मैदानाबाहेर ठेवले होते. नोंद नाही म्हणून कर्तृत्व नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्या बंदीलाच पुरावा मानणे होय.

११/ भरपाई उशिरा आली. २००७ मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये रोझचा समावेश झाला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७२ च्या संघाला कॅप मिळाल्या त्या २०१९ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी.

१२/ २०२० मध्ये मणिपूरची आघाडीपटू बाला देवी करार करून ग्लासगोच्या रेंजर्स क्लबमध्ये गेली आणि त्याच वर्षी तिने तिथे गोलही केला. रोझचे स्ट्यूअर्टन तेथून जवळच आहे. ज्या भूमीतून एका मुलीला खेळण्यासाठी परदेश गाठावा लागला, त्याच भूमीत दुसरी मुलगी खेळण्यासाठी सातासमुद्रापलीकडून आली. या दोन प्रवासांमधल्या अर्धशतकात नियम बदलले. ते बदलण्याची किंमत मात्र रोझच्या पिढीने मोजली होती.