लेखक, चितारी आणि फोटोवाले

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. तिला शाळेसाठी घराण्याचा वंशवृक्ष करायचा आहे, प्रत्येक नावाखाली फोटो लावून. "आजोबा, पणजीचा फोटो पाठवा ना." मी म्हटलं, नाही गं आपल्याकडे. "म्हणजे एकसुद्धा नाही?" एकसुद्धा नाही. तिला ते खरंच वाटेना. तिचे स्वतःचे फोटो एका दिवसात शंभर निघत असतील.

फोटो का नाही, याचं कारण मला ठाऊक आहे. सौ. सोडून आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता पंचाहत्तरी उलटली, सांगून टाकतो. पण त्यासाठी आधी आमच्या वेंगुर्ल्याकडच्या लेखकांविषयी बोलावं लागेल. लांबण वाटेल, मास्तराला तेवढी सवलत द्या.

१९७६ हे साल आमच्याकडे मराठी शिकवणाऱ्यांना वाईट गेलं. २६ एप्रिलला चिं. त्र्यं. खानोलकर गेले, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. २ सप्टेंबरला वि. स. खांडेकर गेले. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. गॅदरिंगच्या सुमारास हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, आपल्या भागातल्या साहित्यिकांचं एक प्रदर्शन करा, मुलांना कळू दे आपण कुठे राहतो ते. मी हुरळून गेलो. बी. ए. ताजं होतं, वाचनाची घमेंडही ताजी होती.

आणि खरंच, नकाशावर बोट ठेवून बघा. खानोलकर तेंडोलीजवळच्या बागलांची राईचे. त्यांच्या घरच्यांची कुडाळला खानावळ होती, तिच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा पुढे आरती प्रभू झाला. मंगेश पाडगांवकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा, १९२९ चा. जयवंत दळवी आरवलीचे. आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. अशा गावात वाढलेला माणूस मुंबईला जाऊन अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करतो आणि 'ठणठणपाळ' होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवतो, याचं मला नवल वाटत नाही. त्यांचं 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ साली आलं तेव्हा मी शाळेत होतो. मोठी माणसं ते पुस्तक वाचताना यातला अमुक म्हणजे आपला तमुकच, असं म्हणून भांडायची. मला आजही ते पुस्तक त्यांच्या सगळ्या नाटकांपेक्षा जवळचं वाटतं. नाटकवाले रागावतील. रागावोत.

खांडेकर खरं म्हणजे आमच्याकडचे जन्माने नव्हेत. जन्म सांगलीचा, १८९८ चा. नानेलीच्या खांडेकरांच्या घरात दत्तक आले, म्हणून सावंतवाडीकडचे झाले. १९२० साली शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि तिथे अठरा वर्षं राहिले. डोळे अधू, पगार बेताचा, आणि कोकणातल्या खासगी शाळेचे हाल काय असतात ते मी वेगळं सांगायला नको. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' ही सगळी त्या शिरोड्याच्या काळातली. १९३० च्या मे महिन्यात त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, लाठ्या चालल्या, माणसं तुरुंगात गेली. १९३८ साली खांडेकर कोल्हापूरला गेले. 'ययाति' आली १९५९ मध्ये आणि ज्ञानपीठ मिळालं १९७४ मध्ये, मराठीला पहिलंच. पण मी नोकरीला लागलो तेव्हा शिरोड्यातले म्हातारे त्यांना 'खांडेकर मास्तर' म्हणत. त्यांनी काय लिहिलं यापेक्षा कुणाला फी माफ केली आणि कुणाला शाळेत परत आणून बसवलं, हे ते सांगत. मला स्वतःला 'उल्का'ची भाषा आता जड जाते. रूपककथा मात्र अजून वाचतो.

तर असं हे प्रदर्शन. माहिती मी लिहिली, अक्षर चित्रकलेच्या शिक्षकांचं, लेखकांचे फोटो जुन्या दिवाळी अंकांतून कापलेले. चौकटी सुताराने फुकट करून दिल्या. अडलं ते काचांवर. शाळेत पैसे नव्हते.

इथे जरा थांबून सावंतवाडीला जाऊन येतो, कारण त्याच प्रदर्शनात एक कोपरा मी चितारी मंडळींसाठी ठेवला होता. लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत असतात, गंजिफा फार थोड्यांना. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर. दशावतारी गंजिफेचे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे एकशेवीस पत्ते. छापील पत्ते बाजारात आल्यावर हे खेळणार कोण आणि एकशेवीस पत्ते रंगवणार कोण? कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं, एका जुन्या कारागिराकडून ते दोघं स्वतः शिकले आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केलं. मी त्या साली मुलांना घेऊन गेलो होतो. दरबार हॉलमध्ये खाली बैठक मारून माणसं एकेका पत्त्यावर मत्स्य-कूर्म रंगवत होती. रेषा एकदा उमटली की उमटली, पुसायची सोय नाही. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. गंजिफा मात्र आज विकत मिळते. त्या दोघांनी तेव्हा लक्ष घातलं नसतं तर आज ती फक्त संग्रहालयात बघायला मिळाली असती.

फोटोवाल्यांकडे असं कुणी बघितलं नाही. मीही नाही.

बंदराच्या रस्त्याला एक स्टुडिओ होता. बापाने सुरू केला, मुलाने चालवला. मी म्हणतो त्या वेळी हा मुलगाच साठीला आला होता. नाव देत नाही, त्यांची नातवंडं आहेत आणि त्यांना विचारलेलं नाही. कौलारू घराची पुढची खोली, छपराला ओळीने काचेची कौलं बसवलेली, कारण वीज यायच्या आधी सगळा उजेड तिथूनच. मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, खांब आणि कसलीशी विलायती झाडं. आमच्या झावळ्यांच्या गावात प्रत्येकाचा फोटो त्या जिन्यापुढे. एक कोरीव खुर्ची, एक तिवई, तिच्यावर कागदी फुलं. तिकाटण्यावर कॅमेरा, त्यावर काळं फडकं. फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. प्लेटा मुंबईहून बोटीने यायच्या, आणि पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून मे महिन्यातच तीन-चार महिन्यांचा साठा करावा लागे, आणि तो दमट हवेत बुरशीपासून जपावा लागे. कापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, चुलीच्या वरच्या माळ्यावर. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं.

काम कधी असायचं? चतुर्थीला आणि शिमग्याला, चाकरमानी आले की. लग्नसराईत. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याला पाठवायला बायकामुलांचा फोटो. लग्न जुळवायला मुलीचा फोटो, त्यात प्लेटवर बारीक पेन्सिल फिरवून रंग उजळायचा. या बाबतीत त्यांचा हात असा की नवरदेव मांडवात दचकायचे, असं ते हसत सांगत. आणि कुणी गेलं की निरोप यायचा. प्रेताला भिंतीशी टेकवून बसवायचं आणि फोटो काढायचा. कित्येक माणसांचा आयुष्यातला तेवढाच फोटो.

त्यांच्याकडे मी आधी गेलो ते लेखकांचे फोटो मागायला. ते म्हणाले, मोठी माणसं कोण येतात इथे, माझ्याकडे सगळी गावची माणसं. मग मी काचांचं रडगाणं सांगितलं. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. लाकडी पेट्या होत्या, प्रत्येकीवर रंगाने आकडा. "ह्यो काचो आता कोणाक होयेत, मास्तरानू? घेवन जावा." फुल प्लेटची काच, साडेसहा इंच बाय साडेआठ. माझ्या चौकटींना अगदी बेताची. मी एक पेटी उचलली. पंचेचाळीस-पन्नास प्लेटा असतील.

शाळेच्या विहिरीवर नववीची मुलं घेतली, मोठ्या टोपात पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. प्लेट बुडवली की थोड्या वेळात चित्राचा थर सायीसारखा सुटतो आणि खाली लख्ख काच उरते. मुलं प्लेटा उन्हाकडे धरून बघत होती. उलटं चित्र ना ते, चेहरे काळे, केस पांढरे, अंबाड्यातली फुलं काळी. "भुतां, गुरुजी, भुतां!" म्हणून हसत होती. एक जण म्हणाला, "गुरुजी, ही बाय नवरी आसा, नथ बघा." मी म्हटलं, बघत बसू नका, हात चालवा, संध्याकाळ होईल. हे माझे शब्द. पन्नास वर्षं होत आली, पण बदलून सांगता येत नाहीत.

प्रदर्शन उत्तम झालं. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात कौतुक लिहिलं. खांडेकर, खानोलकर, दळवी, पाडगांवकर, सगळे स्वच्छ काचेमागे.

१९८३ साली आई गेली. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत लक्षात आलं की भिंतीवर लावायला फोटो नाही. होता एक, लग्नाचा, १९४६ चा, बाबांबरोबरचा, त्याच विलायती जिन्यापुढे काढलेला. ट्रंकेतून काढला तर वाळवीने दोघांचेही चेहरे खाऊन टाकलेले. जिना आणि आईचे पाय तेवढे शिल्लक. मी तसाच तो कागद घेऊन स्टुडिओत गेलो. ते बरेच थकले होते. फोटो उलटा करून त्यांनी मागचा पेन्सिलीचा आकडा वाचला, लांबलचक रजिस्टर काढलं, पानं उलटत उलटत आईबाबांच्या नावावर बोट ठेवलं. पुढे पेटीचा आकडा. तो वाचून ते क्षणभर गप्प राहिले.

"त्या पेटीतल्यो काचो तुमीच न्हेल्यात मां, मास्तरानू."

रागाने नाही म्हणाले. मग आत बघून चहा टाकायला सांगितलं. मी चहा घेतला. काय बोलायचं ते सुचलं नाही.

ती नथ घातलेली नवरी आईच होती असं मी म्हणत नाही. लग्नाच्या मोसमातली पेटी, तिच्यात नवऱ्या पुष्कळ असणार. पण त्या संध्याकाळी विहिरीवर आई माझ्या हाताखालून गेली एवढं नक्की.

ते १९८९ साली वारले. मुलगा आधीच मुंबईला नोकरीत. घर विकलं तेव्हा उरलेल्या पेट्या बाहेर काढल्या. निम्म्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या, काही फुटलेल्या. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून परसात खड्डा करून पुरल्या. मला कळलं तेव्हा वर माती पडून झाली होती. रजिस्टर मात्र त्यांच्या सुनेने माझ्याकडे दिलं, म्हणाली तुम्हाला वाचायला आवडतं ना. आज खांडेकरांचं स्मृतिदालन शिरोड्याला शाळेत आहे, १९९८ साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं, आणि ते योग्यच झालं. माझ्या कपाटात हे रजिस्टर आहे. १९२९ पासूनची नावं, गाव, तारीख, 'दोन प्रती' किंवा 'पैसे बाकी', आणि काही नावांपुढे फक्त 'मयत'.

गेल्या पावसाळ्यापासून मी ते कॉम्प्युटरवर उतरवतो आहे. डोळे दुखतात, रोज वीस-पंचवीस नावं होतात. काल सहाशे तेरापर्यंत आलो.

आता नातेवाइकांना आणि वेंगुर्ले, शिरोडा, आरवली, रेडी, उभादांडा या बाजूच्या सगळ्यांना एक विनंती. घरात जुना फोटो असेल, मागे जिना आणि विलायती झाडं असतील, तर चौकटीतून हलक्या हाताने काढून मागची बाजू बघा. पेन्सिलीने आकडा असेल. तो आकडा मला कळवा, कुणाचा, कधीचा ते मी रजिस्टर बघून सांगेन. जमलं तर फोटोचा फोटो काढून पाठवा.

आणि मामाकडच्या मंडळींनो, रजिस्टरात आईबाबांच्या नावापुढे 'तीन प्रती' असं लिहिलं आहे. एक आमच्याकडे होती. दोन कुणीतरी नेल्या. आकडा ११४६.