एग बेटावरील वीजपुरवठा

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील सुमारे शंभर लोकवस्तीचे बेट आहे. ते मुख्यभूमीच्या वीजजालाशी जोडलेले नाही. येथील वीजपुरवठा 'एग इलेक्ट्रिक' ही स्थानिक समाजाच्या मालकीची कंपनी पाहते.

पार्श्वभूमी

१९९७ मध्ये रहिवासी, हायलँड परिषद आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांच्या संयुक्त न्यासाने हे बेट विकत घेतले. त्या काळी बहुतेक घरे स्वतःच्या डिझेल जनित्रांवर अवलंबून होती. इंधन महाग होते आणि वीज अनेकदा दिवसातील काही तासच मिळे. समुद्रतळावरून केबल आणणे अतिशय खर्चिक असल्याने बेटावरच वीज निर्माण करण्याचे ठरले.

रचना

१ फेब्रुवारी २००८ रोजी नवी यंत्रणा सुरू झाली. तीत जलविद्युत जनित्रे, पवनचक्क्या व सौरपट्ट यांचा समावेश आहे. हिवाळ्यात पाऊस व वारा, तर उन्हाळ्यात दीर्घ दिवसांचे ऊन, असे हे स्रोत परस्परपूरक ठरतात. वीज बॅटरीसंचात साठवली जाते. जादा विजेवर सार्वजनिक इमारती उबदार ठेवल्या जातात. निर्मिती अपुरी पडल्यास डिझेल जनित्रे चालवली जातात.

वापराची मर्यादा

घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट वीज वापरता येते. मर्यादा ओलांडल्यास पुरवठा खंडित होतो. ही अट सर्व घरांना सारखीच लागू असल्याने मर्यादित वीज सर्वांना अखंड मिळू शकते. डिझेलचा वापर पूर्णपणे थांबला नसला, तरी बहुतांश वीज आता नवीकरणीय स्रोतांतून मिळते.