एन्रॉन ईमेल संग्रह

गुहागर तालुक्यातील (जि. रत्नागिरी) दाभोळ वीजप्रकल्पाची प्रवर्तक अमेरिकन कंपनी एन्रॉन हिच्या सुमारे 150 जणांचा, मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, ईमेल-पत्रव्यवहार. कार्नेगी मेलन विद्यापीठाने जतन केलेले हे डिजिटल दप्तर जगभर अभ्यासले जाते.

पार्श्वभूमी : प्रकल्प अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरात, नाव वाशिष्ठी खाडीपलीकडच्या दाभोळचे. वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये झाला, 1995 मध्ये राज्य शासनाने तो रद्द केला व फेरवाटाघाटींनंतर मे 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. कराराच्या गुणदोषांविषयी तीव्र मतभेद आहेत. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

संग्रह : कॅलिफोर्नियातील वीजबाजाराच्या चौकशीत हाती आलेली ही पत्रे अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने 2003 मध्ये खुली केली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील विल्यम कोहेन यांनी ती संशोधकांना उपलब्ध करून दिली. प्रत्येक पत्र साध्या मजकुराच्या स्वतंत्र फाइलमध्ये आहे, म्हणून मूळ सॉफ्टवेअर नसतानाही ते आज वाचता येते. टिकाऊपणाचे खरे कारण हेच.  मात्र विद्यापीठाच्या या प्रतीत अटॅचमेंट नाहीत. अटॅचमेंट असलेल्या दुसऱ्या प्रतीतून 2015 मध्ये 15 हजारांहून अधिक स्प्रेडशीट मिळाल्या, यावरून या प्रतीतून काय गळले ते कळते. संबंधित कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून काही पत्रे काढलेली आहेत. 2004 च्या एका अभ्यासात मूळ 6,19,446 पत्रे छाननीनंतर 2,00,399 उरली. म्हणून आवृत्तीचा दिनांक न देता या संग्रहातील आकडे उद्धृत करू नयेत.

दाभोळविषयक मजकूर : कंपनीच्या भारतातील वृत्तकक्षाकडून पाठवली जाणारी इंग्रजी बातम्यांची कात्रणे यात आढळतात. वेलदूर येथे 3 जून 1997 रोजी प्रकल्पविरोधी ग्रामस्थांवर झालेल्या पोलीस कारवाईच्या माहितीसाठी मात्र ‘ह्यूमन राइट्स वॉच’चा 1999 चा अहवाल पाहावा लागतो. ग्रामस्थांच्या बाजूचे मराठी कागद यात शोधू नयेत; ही या संग्रहाची सर्वांत मोठी उणीव होय. असे कागद इतरत्र असले, तरी त्या काळी संगणकावरचा मराठी मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला असे. तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडते पण अक्षरे लागत नाहीत. असा मजकूर जिथे असेल तिथे तो युनिकोडमध्ये आणणे व सोबत छापील प्रत ठेवणे निकडीचे आहे.

प्रकल्पाची पुढील वाटचाल : 2005 पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे.